स्टीलहेडसाठीं गळ आणि आमिष

नदींत शिरल्यानंतर जो मासा जवळजवळ उपाशीच राहतो, त्याला खाद्य दाखवून गळाला लावावयाचें, हें प्रथम ऐकणाऱ्यास विसंगत वाटेल. परंतु उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर ऐन हिवाळ्याच्या कडाक्यांत, मांडीभर बर्फगार पाण्यांत उभीं राहून हजारों माणसें नेमका हाच उद्योग करीत असतात. स्टीलहेड हें त्या माशाचें नांव. समुद्रांत यथेच्छ चरून, अंगांत चरबी सांठवून तो अंडीं घालण्यासाठीं नदींत परततो, आणि मग कित्येक आठवडे, केव्हां केव्हां कित्येक महिने, मुख्यतः त्या सांठ्यावरच निर्वाह करतो. पोटांत भूक नाहीं, मग तो आमिष तोंडांत कां घेतो? ह्याचें उत्तर त्याच्या बालपणांत आहे असें जाणकार मानतात. समुद्राकडे जाण्यापूर्वीं हा मासा बहुधा एक ते तीन वर्षें नदींतच वाढलेला असतो; त्या काळांत वाहून येणारें अंडें, किडा, गांडूळ, जें कांहीं नाकासमोर येईल तें झटकन् तोंडांत घेण्याची त्याला संवय जडलेली असते. वयपरत्वें भूक जाते, संवय जात नाहीं. माणसांतही हा प्रकार आढळतो. शिवाय माशाला हात नाहींत. एखादी वस्तु काय आहे याची चौकशी करावयाची तर त्याला ती तोंडांतच घेऊन पाहावी लागते. गळ आणि आमिष यांची सगळी विद्या ह्या क्षणभराच्या चौकशीवर उभारलेली आहे.

स्टीलहेड ही निराळी जात नव्हे. ज्याला रेनबो ट्राउट म्हणतात त्याच माशाचें हें समुद्रावर जाऊन येणारें रूप होय. एकाच नदींत, एकाच घाणींतून निघालेल्या पिलांपैकीं कांहीं जन्मभर नदींतच राहतात आणि लहान, ठिपकेदार ट्राउट होतात. कांहीं समुद्रावर जातात आणि दोनतीन वर्षांनीं चंदेरी अंगाचे, पोलादी छटेच्या डोक्याचे मोठे मासे होऊन परततात. १९८९ सालीं शास्त्रज्ञांनीं ह्या जातीचें वर्गीकरण बदलून तिला पॅसिफिक महासागरांतील सामन माशांच्या कुळांत घातलें. पण सामन एकदां अंडीं घालून मरून जातो, तसें स्टीलहेडचें सर्वस्वीं नाहीं. त्यांतील कांहीं मासे परत समुद्रावर जातात आणि पुन्हां येतात. ही गोष्ट पुढें गळाच्या विचारांत महत्त्वाची ठरणार आहे. रेनबो ट्राउट हिंदुस्थानालाही अपरिचित नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं निलगिरीच्या थंड ओढ्यांत त्याची अंडीं आणून सोडण्यांत आलीं आणि तेथें तो रुजला. मात्र निलगिरीचा ट्राउट समुद्रावर जात नाहीं, आणि त्यामुळें तो स्टीलहेडही होत नाहीं.

ह्या माशाचें मूळ घर कॅलिफोर्नियापासून अलास्कापर्यंतचा किनारा आणि पलीकडे कामचाट्का. वॉशिंग्टन राज्यानें तर १९६९ सालीं त्याला आपल्या राज्याचा मासा म्हणून मान दिला. सिॲटल, पोर्टलंड, व्हँकुव्हर ह्या शहरांतून आतां पुष्कळ मराठी कुटुंबें राहतात; आणि स्काजिट, काउलिट्झ, व्हेडर ह्या नद्या तेथून फार दूर नाहींत. शेजाऱ्याच्या आग्रहानें एखादा मनुष्य नदीवर जावयास निघतो, आणि त्यापूर्वीं गळाच्या सामानाच्या दुकानांत शिरतो. तेथें भिंतभर टांगलेलीं शेंकडों पाकिटें पाहून त्याची मति कुंठित होते. लहानमोठे गळ, लाल, काळे, रुपेरी. गुलाबी मणी, नारिंगी गोळे, रबरी गांडुळें, लोंकरीचे धागे. सर्व थोडेंथोडें घ्यावें असें त्याला वाटतें. वास्तविक त्यांतील नऊ दशांश वस्तूंवांचून त्याचें कांहींएक अडत नाहीं.

प्रथम गळाची रचना पाहूं जातां तिचे भाग थोडके आहेत. दोरा ओंवावयाचें नेढें, त्याखालील सरळ दांडी, मग वांक, आणि शेवटीं टोंक. टोंकाच्या आंतल्या अंगास एक उलटा कांटा असतो, तो शिरलेला गळ मागें सरकूं देत नाहीं. टोंक आणि दांडी यांमधील मोकळ्या जागेला गळाचें तोंड म्हणावें. निवड करतांना सर्वांत अधिक लक्ष ह्या तोंडाकडे द्यावयाचें असतें, आणि नवशिक्याचें लक्ष नेमकें तेथेंच नसतें.

गळांच्या क्रमांकांची तऱ्हा उलटी आहे. इंग्लंडांतील रेडिच हें गांव सुया आणि गळ यांच्या कारखान्यांबद्दल एके काळीं जगभर प्रसिद्ध होतें, आणि गळाच्या मापांची जुनी पद्धत त्याच गांवाच्या नांवानें ओळखली जाते. तिच्याप्रमाणें क्रमांक जितका मोठा तितका गळ लहान. ८ क्रमांकाचा गळ ४ हून लहान, ४ चा २ हून लहान. १ पर्यंत असें आल्यावर पुढें एकावर शून्य, दोनावर शून्य असे आंकडे येतात आणि त्यांत मात्र आंकडा वाढला कीं गळ वाढतो. शिवाय निरनिराळ्या कारखान्यांचे एकाच क्रमांकाचे गळ तंतोतंत सारखे नसतात. म्हणून पाकिटावरील आंकडा हा अंदाज समजावा आणि गळ डोळ्यांनीं पाहून घ्यावा.

स्टीलहेडसाठीं लागणारीं मापें थोडीं आहेत. नदीचें पाणी मध्यम, किंचित् हिरवट गढूळ, दोनचार फूट खोलवरचें दिसेल इतपत असेल तेव्हां २ क्रमांकाचा गळ बहुतेक काम भागवतो. पाणी उतरून कांचेसारखें स्वच्छ झालें कीं ४ किंवा ६, आणि पूर येऊन गेल्यावर मोठें आमिष लावावयाचें असेल तर १ अथवा एकावर शून्य. हे गळ ज्याच्या डबीत आहेत त्याला आणखी निराळा बहुधा लागत नाहीं. मासा मोठा म्हणून गळ मोठा, हा नवशिक्याचा तर्क वरवर सयुक्तिक दिसतो. पण गळाचें माप माशाच्या वजनावरून ठरत नसून आमिषाच्या आकारावरून ठरतें. सामान्य स्टीलहेड पांच ते बारा पौंडांचा असतो; अलास्कांत बेल बेटापाशीं १९७० सालीं ४२ पौंड २ औंसांचा मासा गळाला लागल्याची नोंद आहे. परंतु बारा पौंडांचा मासा ४ क्रमांकाच्या चांगल्या गळावर सुखानें आणतां येतो, कारण त्याचा सगळा भार काठीची लवचिकता आणि रिळाची ढिलाई घेत असते. नियम एवढाच कीं आमिष लावल्यावर गळाचें तोंड मोकळें राहिलें पाहिजे. लहान गळावर आमिषाचा मोठा गोळा बसविला तर टोंक त्यांतच दडून राहतें, मासा तोंड मिटतो, काठी वर उचलली जाते, आणि आमिषासकट गळ माशाच्या तोंडांतून नुसता घसरून येतो. उलट मोठ्या गळावर इवलेंसें आमिष असलें तर गळाचें वजन त्याला खालीं ओढतें, आणि तें इतर वाहत्या वस्तूंसारखें तरंगत न येतां दगडांवर आपटत येतें.

आमिषासाठीं जो आकार बहुधा वापरतात त्याला तिकडे ऑक्टोपस म्हणतात. ह्या गळाची दांडी आंखूड, वांक गोलसर आणि नेढें मागच्या बाजूला कललेलें असतें. नेढें कललेलें असण्याचें कारण शोभेचें नाहीं. दोरा नेढ्याला नुसता बांधण्याऐवजीं दांडीवर गुंडाळून बांधला, तर कललेल्या नेढ्यांतून तो दांडीच्या सरळ रेषेंत बाहेर पडतो आणि ओढ बसतांच टोंक आपोआप आंत वळतें. तार फार जाड असली तर टोंक शिरावयास जोर अधिक लागतो, फार बारीक असली तर मोठ्या माशापुढें गळ उलगडतो. म्हणून मध्यम जाडीची तार पत्करावी. रंगाविषयीं दुकानदार पुष्कळ बोलतो. लाल, काळा, रुपेरी यांपैकीं कोणताही चालतो.

धारेचें मात्र तसें नाहीं. नायलॉनचा दोरा ताणला जातो, काठी लवते, पाण्याच्या ओघानें दोऱ्याला झोळ पडलेला असतो. एवढ्या सर्वांतून हाताच्या हिसक्याचा अल्पसा अंशच गळापर्यंत पोंचतो. तेवढ्या जोरावर टोंक शिरलें पाहिजे. परीक्षा सोपी आहे. गळाचें टोंक अंगठ्याच्या नखावर हलकेंच टेंकवून ओढावें. तें जागच्या जागीं रुतलें तर गळ ठीक. घसरलें तर कानशीनें घांसावें किंवा गळ टाकून द्यावा. स्टीलहेडच्या नदीचा तळ गोट्यांचा असतो, आणि चारदोनदां गोट्यांवर घांसलेल्या गळाची धार राहत नाहीं. दिवसांतून दहा वेळां ही परीक्षा करणारा मनुष्य हास्यास्पद दिसतो खरा, पण मासे त्याच्याच हातीं लागतात.

आतां आमिषाकडे वळावें. ह्या माशाचें सर्वांत जुनें आणि सर्वांत भरंवशाचें आमिष म्हणजे सामन माशाची गाबोळी. कोंकणांतील श्रोत्यांना गाबोळी सांगावयास नको. मात्र सामनची गाबोळी केशरी लाल, आणि तिचें एकेक अंडें वाटाण्याएवढें असतें. ताज्या गाबोळींतील रक्त टिपून घेऊन तिच्यावर टांकणखार, मीठ आणि थोडी साखर भुरभुरवितात आणि ती थंड जागीं ठेवतात. खारानें अंड्यांतील पाणी ओढलें जातें, साल चिवट होते, रंग टिकतो, आणि वाहत्या पाण्यांत गोळा लवकर विरत नाहीं. सुगंध, लाल रंग आणि निरनिराळीं लवणें घालून केलेलीं तयार चूर्णेंही मिळतात. त्यांपैकीं सोडियम सल्फाइट हें लवण अधिक प्रमाणांत असलेली गाबोळी खाऊन सामनचीं व स्टीलहेडचीं लहान पिलें मरतात, असें एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस ऑरेगन राज्यांतील संशोधकांना आढळून आलें. गळावरून निसटलेलें प्रत्येक अंडें खालच्या पिलांच्याच तोंडीं जातें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे चूर्णाच्या डबीवरील घटक वाचून पाहण्याचें महत्त्व पटेल. टांकणखाराचा साधा मार्ग त्या मानानें निर्वेध आहे.

गाबोळी मऊ, ती गळाला टोंचून ठेवली तर पहिल्याच फेंकींत सुटून जाते. त्यासाठीं एक विशिष्ट गांठ बांधतात. दोऱ्याचें एक टोंक नेढ्यांतून दांडीच्या बाजूनें घालून दोरा दांडीवर आठदहा वेळां घट्ट गुंडाळावयाचा. मग दोऱ्याचें दुसरें टोंक नेढ्यांतून त्याच दिशेनें घेऊन पहिल्या टोंकासह आणखी पांचसहा वेढे द्यावयाचे आणि तें टोंक ओढून घ्यावयाचें. अशा रीतीनें दोरा दोन्हीं बाजूंनीं वेढ्यांत अडकतो. नेढ्याच्या वरून दोरा किंचित् मागें ढकलला कीं नेढें आणि वेढे यांच्यामध्यें एक लहानसा फांस उघडतो. त्या फांसांत गाबोळीचा तुकडा तिच्या पातळ पडद्यासकट ठेवावा आणि दोरा ओढावा. फांस आवळला जाऊन तुकडा दांडीवर बसतो आणि टोंक पूर्ण मोकळें राहतें. ही गांठ घरीं दिव्याखालीं बसून पन्नासदां बांधावी, कारण जानेवारीच्या पावसांत बधिर झालेल्या बोटांनीं ती शिकतां येत नाहीं. बहुतेक अनुभवी लोक आदल्या रात्रीं वीसपंचवीस गळ बांधूनच ठेवतात.

तुकडा केवढा असावा? पाणी गढूळ असेल तर आवळ्याएवढा, मध्यम असेल तर बोराएवढा, स्वच्छ असेल तर दोनतीन अंड्यांपुरताच. गढूळ पाण्यांत माशाला वास आणि रंग दुरून कळले पाहिजेत. स्वच्छ पाण्यांत त्याला सर्व दिसतें, आणि मोठ्या गोळ्याचा तो संशय घेतो.

गाबोळीच्या खालोखाल वाळूंतली कोळंबी आणि साध्या कोळंबीच्या गुलाबी रंगविलेल्या शेंपट्या. गांडूळही चालतें, स्वस्तांत स्वस्त आमिष तेंच. ह्याशिवाय ज्यांना वास नाहीं पण रूप आहे अशीं कृत्रिम आमिषें आहेत. गळाच्या वर दोऱ्यांत ओंवलेला हलक्या बुचाचा रंगीत गोळा दोन कामें करतो: तो अंड्यासारखा दिसतो आणि गळाला उचलून धरतो, म्हणून आमिष तळाच्या थोडें वरून वाहतें. गळाच्या गांठींत अडकविलेला लोंकरीचा गुलाबी धागा हा ह्या सर्वांत विनम्र, परंतु फार कामाचा. स्टीलहेडच्या तोंडांत बारीक दांत असतात; धागा त्यांत गुंततो, आणि आमिष थुंकून टाकावयास माशाला अर्धा क्षण अधिक लागतो. तो अर्धा क्षण नवशिक्याला पुरेसा असतो. अलीकडे कांचेचा किंवा प्लॅस्टिकचा एकच मणी, हुबेहूब एका अंड्यासारखा, गळाच्या दीडदोन इंच वर पक्का बसवून वापरतात. मासा मणी तोंडांत घेतो आणि गळ बाहेरून त्याच्या जबड्याच्या कडेला लागतो. मणी फार वर बसविला तर गळ तोंडाबाहेर, गालाला किंवा डोळ्याजवळ लागण्याचा संभव असतो. अलास्का राज्यानें तर हें अंतर दोन इंचांहून अधिक नसावें असा नियमच केलेला आहे.

आमिष कितीही उत्तम असलें तरी तें योग्य जागीं, योग्य वेगानें गेलें नाहीं तर व्यर्थ. नदीचें पाणी सर्व खोलींत एका वेगानें वाहत नाहीं. पृष्ठभागीं ओघ जोरांत असतो. तळाशीं गोट्यांच्या घर्षणानें तो मंदावतो. थकलेला, उपाशी मासा शक्ति वांचविण्यासाठीं त्या मंद थरांत, माणसाच्या चालीएवढ्या वेगाच्या पाण्यांत, तीन ते आठ फूट खोलीवर, मोठ्या शिळेच्या आडोशाला किंवा डोहाच्या उतरत्या शेंपटाशीं राहतो. पाणी चार अंश सेंटिग्रेडच्या आसपास असेल तर तो आळसावलेला असतो आणि आमिषासाठीं हातभरही सरकत नाहीं. सात ते बारा अंशांत तोच मासा चपळ असतो. तेव्हां आमिष तळापासून हातभर वर, तळच्या पाण्याच्याच वेगानें, त्याच्या नाकासमोरून गेलें पाहिजे. दोरा, शिसें आणि बूच यांची सर्व जुळवणी एवढ्याचसाठीं.

जुन्या जुळवणींत बूच नसतें. दहा ते पंधरा पौंड ताकदीचा मुख्य दोरा एका गरगरत्या कडीला बांधतात. ह्या कडीमुळें आमिष फिरलें तरी दोऱ्याला पीळ बसत नाहीं. कडीच्या दुसऱ्या बाजूला दीड ते तीन फूट लांबीचा पुढचा दोरा, आणि त्याच्या शेवटीं गळ. पुढचा दोरा मुख्य दोऱ्याहून दोनतीन पौंडांनीं कमजोर असावा. ह्याचें कारण असें कीं गळ तळाशीं अडकला आणि ओढावा लागला, तर तुटेल तो पुढचा दोराच. शिसें, कडी आणि वरचा पन्नास वार दोरा नदींत राहणार नाहीं. शिसें कडीजवळ रबरी नळीच्या तुकड्यांत खुपसून लावतात. तें अडकलें तर नळींतून निसटतें आणि बाकीचें सामान वांचतें. शिशाचें वजन हाच ह्या जुळवणीचा प्राण होय. तें फार असलें तर सर्व कांहीं तळाशीं खिळतें, कमी असलें तर आमिष वरच्यावर धांवतें. काठी वर धरून ओघाच्या थोडें वरच्या बाजूला फेंक करावी आणि शिसें खालीं जाऊं द्यावें. काठीच्या टोंकाला टक्, टक् असे हलके ठोके दोनचार फुटांगणिक जाणवूं लागले म्हणजे वजन बरोबर आहे. मग केव्हांतरी ठोके थांबतात, किंवा दोरा जड, मऊ ओढल्यासारखा वाटतो. तो दगड असेल, पालापाचोळा असेल, किंवा मासा असेल. हा भेद शब्दांनीं शिकवितां येत नाहीं. म्हणून प्रत्येक थांबण्याला काठी उचलावी, एवढाच उपदेश देतां येतो. शिसें पाणपक्ष्यांना विषारी आहे, म्हणून जेथें टंगस्टन किंवा दुसऱ्या धातूचीं वजनें मिळतात तेथें तीं घेणें बरें.

दुसरी जुळवणी बुचाची. मुख्य दोऱ्यावर धाग्याची एक सरकती गांठ, तिच्याखालीं लहान मणी, मग दोऱ्यावर मोकळें फिरणारें लांबट बूच, त्याखालीं बूच उभें राहील इतकें वजन, कडी, आणि दीडदोन फुटांचा पुढचा दोरा. गांठ वरखालीं सरकवून खोली ठरवितात. फेंक करतेवेळीं बूच खालीं वजनापाशीं असतें, पाण्यांत पडल्यावर दोरा त्यांतून धांवतो आणि गांठ मण्याला अडली कीं थांबतो. येथें एक बारकावा आहे. बूच वरच्या जोराच्या ओघांत असतें आणि आमिष तळच्या मंद थरांत. म्हणून बूच पुढें पळून आमिषाला मागून फरपटत नेतें. बूच जर प्रवाहाच्या दिशेनें कललेलें दिसलें तर असेंच घडत आहे असें समजावें, आणि दोरा किंचित् रोंखून धरून त्याला आवरावें, म्हणजे आमिष पुढें आणि बूच मागें अशी चाल साधते. बूच अधूनमधून तळाला लागून थरथरूं लागलें तर गांठ अर्धा फूट खालीं घ्यावी. तें एकाएकीं बुडालें तर विचार करीत बसूं नये.

तिसरी तऱ्हा पुराच्या गढूळ पाण्याची: जड शिसें, पंख्यासारखें फिरणारें मोठें रंगीत बूच, आणि काठी कांठावर रोंवून शांत बसणें. तींत कौशल्यापेक्षां सहनशीलता अधिक लागते.

नवशिक्यानें कोणत्या तऱ्हेनें आरंभ करावा, ह्याविषयीं नदीकांठीं वाद चालतात. जुने लोक शिशाच्या जुळवणीचा पक्ष घेतात, कारण तिनें हाताला नदीचा तळ वाचतां येऊं लागतो. तें खरें आहे. परंतु पहिल्या दिवशीं दर पांचव्या फेंकीला गळ दगडांत गमावणारा मनुष्य दुसऱ्या दिवशीं नदीवर येत नाहीं. बूच डोळ्यांना दिसतें, गळ कमी अडकतो, मासा लागल्याचें समजतें. आरंभ बुचानें करावा आणि पुढच्या हिवाळ्यांत शिशाकडे वळावें, हाच पक्ष अधिक ग्राह्य दिसतो.

येथवर मासा मिळविण्याचा विचार झाला. आतां तो जिवंत परत जाण्याचा. पश्चिम किनाऱ्यावरील नद्यांत दोन प्रकारचे स्टीलहेड येतात: सरकारी उबवणी केंद्रांत वाढवून सोडलेले आणि नदींत आपोआप निपजलेले. उबवणीच्या पिलांच्या पाठीवरील शेंपटाजवळचा लहानसा मांसल पर सोडण्यापूर्वीं कापतात. ज्याचा हा पर नाहीं असा मासा नियमानुसार घरीं नेतां येतो. ज्याचा तो शाबूत आहे तो जंगली, आणि त्याला बहुतेक ठिकाणीं सोडून द्यावें लागतें. कारण जंगली मासे फार थोडे उरले आहेत. धरणें, तोडलेलीं वनें, पूर्वींची अमर्याद मासेमारी आणि समुद्रांतील फेरबदल यांनीं त्यांची संख्या घसरत गेली. सिॲटलभोंवतालच्या प्यूजेट साउंड नांवाच्या खाडींतील स्टीलहेडला २००७ सालीं अमेरिकन सरकारनें धोक्यांत असलेल्या प्राण्यांच्या यादींत घातलें. एल्वा नदीवरील दोन मोठीं धरणें २०११ ते २०१४ ह्या काळांत पाडून टाकल्यावर मात्र सुमारें शंभर वर्षें बंद असलेल्या वरच्या पाण्यांत स्टीलहेड पुन्हां दिसूं लागला.

सोडलेला मासा जगेल कीं नाहीं, हें पुष्कळ अंशीं गळ आणि आमिष निवडतांनाच ठरून गेलेलें असतें. मऊ, वासाचें आमिष मासा चवीनें धरून ठेवतो आणि थोडा वेळ मिळाला तर गिळतो. मग गळ जबड्याऐवजीं घशांत किंवा कल्ल्यांत रुततो. कल्ल्यांतून रक्त वाहूं लागलें तर तो मासा बहुधा वांचत नाहीं. मणी, लोंकर किंवा रबरी गांडूळ मासा असें धरून ठेवीत नाहीं, म्हणून तेथें गळ बहुतेक ओंठाच्या कडेलाच लागतो. म्हणूनच जंगली माशांच्या नद्यांवर खाद्याच्या आमिषाला बंदी घालण्याची प्रथा पडली. वॉशिंग्टन राज्यानें २०२० च्या डिसेंबरांत, मासे फारच थोडे येणार असें दिसून आल्यावर, समुद्रकिनाऱ्यावरील नद्यांसाठीं हिवाळ्यापुरते कडक नियम काढले: खाद्याचें आमिष नको, गळ एकटोंकी आणि बिनकांट्याचा हवा, आणि नावेंतून मासे धरूं नयेत. नियम नदीनदीला आणि हंगामाहंगामाला बदलतात. आमिष विकत घेण्यापूर्वीं ज्या नदीवर जावयाचें तिचा त्या हंगामाचा नियम पाहणें म्हणून आवश्यक. गाबोळीची बरणी घेऊन बंदीच्या नदीवर पोंचणें फार सोपें आहे.

उलटा कांटा नसला तर मासा निसटेल, ही भीति प्रत्येक नवशिक्याला असते. दोरा ताठ ठेवला तर बिनकांट्याचा गळ फारसे मासे गमावीत नाहीं, आणि तो शिरतोही अधिक सहज. दुकानांतून तसे गळ न मिळाले तर चिमट्यानें कांटा दाबून सपाट करावा आणि कापसाच्या बोळ्यांतून गळ ओढून पाहावा. बोळा अडकला तर आणखी दाबावयास हवें. मासा सोडतांना तो पाण्याबाहेर उचलूं नये. वॉशिंग्टनमध्यें सोडावयाचा स्टीलहेड पाण्यांतून पूर्णपणें बाहेर काढण्याची मनाईच आहे. हात ओले करून त्याच्या शेंपटाचा मुळाशीं आधार धरावा, चिमट्यानें गळाची दांडी धरून टोंकाच्या उलट दिशेनें वळवावी, आणि प्रवाहाकडे त्याचें तोंड करून तो स्वतः झटका देऊन निघेपर्यंत थांबावें. गळ खोल घशांत गेलेला असेल तर तो ओढून काढण्याचा प्रयत्न करूं नये. दोरा गळाच्या शक्य तितक्या जवळ कापावा आणि मासा तसाच जाऊं द्यावा. पुष्कळ मासे असा गळ घेऊनही जगतात. मग कांठावर बसून उरलेल्या दोऱ्याचा शेवटचा हातभर भाग बोटांतून फिरवून पाहावा, कोठें चरा लागला असेल तर तेवढा कापून टाकावा, नवा गळ बांधावा, आणि त्याचें टोंक नखावर टेंकवून पाहावें.